न दिलेले खवले

फार पूर्वी चंपकवती नगरीवर अरिंजय राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने नगरीपासून दूर, एका डोंगरउतारावर खवले मांजराच्या पोटी जन्म घेतला होता. नाव मांजराचे असले तरी या प्राण्याचे मांजराशी काडीचेही नाते नाही. त्याच्या तोंडात दात नसतात, जीभ मात्र हातभर असते, आणि मुंग्या नि वाळवी यांवरच त्याची सारी गुजराण चालते. कोणी अंगावर आले तर ते पळत नाही, ओरडत नाही. डोके पोटाशी खुपसून, वरून शेपूट गुंडाळून ते स्वतःचा गोळा करते. वाघाने पंजा मारून पाहावा, दात लावून पाहावा आणि कंटाळून निघून जावे, असा तो गोळा असतो. माणूस मात्र कंटाळत नाही. तो झोळी घेऊन येतो.

उताराच्या पायथ्याशी शिकाऱ्यांचा एक पाडा होता. त्यात कोलक नावाचा शिकारी राहत असे. माणूस वाईट नव्हता. पाड्याची रीत त्याने कधी मोडली नव्हती. हरिण मारले तर हे लोक त्याच्या तोंडात पाणी घालीत, त्याची क्षमा मागत आणि मारणारा त्या दिवशी उपाशी राही. रानडुकरासाठीही तेच. खवले मांजरासाठी मात्र पाणीही नव्हते आणि उपासही नव्हता. वाडवडिलांनी सांगून ठेवले होते, की जो प्राणी पळत नाही, चावत नाही, समोर गोळा होऊन बसतो, तो स्वतःला देऊन टाकतो. दिलेले घ्यायचे तर क्षमा कसली मागायची?

पुढे राजाने दवंडी पिटवली, की या डोंगरावरच्या प्राण्यांना अभय दिले आहे, कोणी शिकार करू नये. पाड्याने धनुष्ये उतरवून ठेवली. खवले मांजराचे काय करायचे यावर मात्र पारावर बराच खल झाला. राजाने शिकार बंद केली आहे, दिलेले घेणे थोडेच बंद केले आहे, असे शेवटी ठरले आणि सगळ्यांचे समाधान झाले. वेणुदत्त व्यापाऱ्याचे तर जरा जास्तच झाले. तो पिंपळीच्या गोण्यांत खवले दडवून नाक्यावरून नेई आणि दूरदेशी औषध म्हणून विकी. दिलेली वस्तू दडवून का न्यावी लागते, हे कोलकाला कधी उमगले नाही. पण व्यापाऱ्यांचे व्यापाऱ्यांना ठाऊक, असे म्हणून त्याने विचारलेही नाही.

अलीकडे तर त्याला कशाचाच अर्थ लागेनासा झाला होता. पाड्यातली घरे आतून पोकळ होत चालली होती. दाराची चौकट ओढावी तर ती भुसा होऊन हातात येई. वाळवी कणगीत शिरली आणि वर्षाच्या धान्याची माती झाली. अशातच त्याची बायको सुलसा बाळंत झाली, मुलगी झाली, आणि सुलसाला दूध येईना. पोरीचे रडणे रोज थोडे बारीक होत होते. कोलकाचे नवस बोलून झाले, दोरे बांधून झाले. घरात एवढ्या जिनसा आणणारा आपण, मग घर असे का बसत चालले आहे, याचा विचार करून त्याचे डोके बधिर होई.

वेणुदत्त आला तेव्हा कोलकाने त्याला सगळे सांगितले. वेणुदत्त म्हणाला, की यात काय मोठेसे, खवला पाण्यात उगाळून बाळंतिणीला पाजावा, दूध येते. एक खवला तू ठेव, बाकीचे मला दे, मी उद्या येतो. आजवर शेकडो खवले विकले आणि घरात एकही ठेवला नाही, याचे कोलकाला फार वाईट वाटले.

पूर्वी पाड्याबाहेर पडताच बिळे दिसत. त्या दिवशी मात्र दुपारपर्यंत चढावे लागले, तेव्हा कुठे ताजी माती उकरलेले एक बीळ दिसले. कोलकाने तोंडाशी ओला पाला पेटवून धूर केला. खवले मांजर ठसकत बाहेर आले. कोलकाने पाठीवर काठी टेकवताच त्याचा गोळा झाला. "दिलंस, बरं केलंस," असे रीतीप्रमाणे म्हणून त्याने तो झोळीत घातला.

घरी येऊन त्याने गोळा चुलीपाशी ठेवला आणि खवले सुटायला लागते तसे पाणी हंडीत तापत ठेवले. खाटेवर सुलसा पोरीला उगाच छातीशी धरून पडली होती. कोलक सुरीला धार लावून वळला आणि जागीच थांबला. गोळा उलगडत होता. आधी शेपूट सुटले, मग निमुळते तोंड बाहेर आले, आणि मग ते जनावर मागच्या पायांवर त्याच्यासमोर उभे राहिले. त्याच्या पोटावर एकही खवला नव्हता, नुसती मऊ कातडी होती. एवढ्या वर्षांत कोलकाने ती कधी पाहिली नव्हती. अशा वेळी काय करायचे, याची पाड्यात रीतच नव्हती.

"कोलका, मी स्वतःला दिलेलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "मी घाबरलो होतो."

"मग गोळा का झालास?"

"घाबरल्यावर आम्हाला दुसरं काही येत नाही. तू आजवर जितके नेलेस, ते सगळे घाबरलेलेच होते."

झोळीतला एकेक गोळा कोलकाला आठवू लागला. प्रत्येकाला तो बरं केलंस म्हणाला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला. मग आता पोट उघडे टाकून का उभा राहिलास, असे त्याने विचारले. बोधिसत्त्व म्हणाला, की गोळा होऊन राहिलो असतो तर तू न समजता मारले असतेस. मारायचेच असेल तर समजून मार. शिवाय खवल्यात औषध नाही, नख असते तसाच तो आहे, हवे तर स्वतःचे नख उगाळून पाहा.

"तुझी लेक रडतेय ते झोळीत ऐकू आलं," तो पुढे म्हणाला. "तिच्या आईनं काल काय खाल्लं?"

कोलकाला आठवेना. त्याने सुलसाकडे पाहिले.

"कणगीतली माती चाळून चार दाणे निघाले होते, ते शिजवले," सुलसा म्हणाली. "ते तुम्ही खाल्लेत. मला भूक नाही म्हटलं, ते तुम्हाला खरं वाटलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कोलकाला सोसेना. बोधिसत्त्व तोवर मधल्या खांबाशी गेला होता. त्याने बुंध्याची माती नखांनी उकरली आणि जीभ आत घातली. आत वाळवी सळसळत होती. कोलक बघत राहिला. हे काम इथे पूर्वी कोण करत होते आणि ते सगळे कुठे गेले, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. कणगी वाळवीने खाल्ली होती खरी, पण वाळवीला तिथवर वाट त्यानेच करून दिली होती.

त्याने हंडीतले पाणी तसेच राहू दिले आणि तो थोरल्या भावाच्या घरी गेला. दोघांत अबोला होता, म्हणून आजवर तो दाणा मागायला गेला नव्हता. भावजयीने पसाभर वरी दिली. त्याच हंडीत पेज शिजली आणि सुलसा पोटभर जेवली. भावजय रोज दाणे पाठवू लागली, आणि थोड्याच दिवसांत पोरीचे रडणे थांबले.

वेणुदत्त मात्र दुसऱ्याच दिवशी आला होता. कोलकाने रिकामे हात दाखवले. वेणुदत्त समजुतीच्या सुरात म्हणाला, "अरे, तुमचा सगळा पाडा म्हणतो, की ते आपणहून देतं."

"देत नाही, शेटजी. घाबरतं."

वेणुदत्त हसला, गोण्या बैलावर घातल्या आणि पुढच्या पाड्याकडे निघून गेला. कोलकाने बोधिसत्त्वाला बिळाशी नेऊन सोडले. मग तो डोंगरभर फिरला. किती नेले हे त्याला आठवत नव्हते, आणि नसलेल्यांची क्षमा कशी मागतात हेही ठाऊक नव्हते. दिसेल त्या रिकाम्या बिळाच्या तोंडाशी त्याने ओंजळभर पाणी ओतले. त्या दिवशी तो उपाशी राहिला. सुलसाला मात्र त्याने आधी जेवू घातले.

पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्यांनी ही कथा सांगितली ती विहारात थंडीच्या दिवसांत, भिक्षू उत्तियाला. उत्तियाने भित्र्या नंदिलाची घोंगडी घेतली होती. विचारल्यावर, तो काही बोलला नाही म्हणून मी समजलो त्याने दिली, असे तो म्हणाला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कोलक तो हा उत्तिय. सुलसा ती हा नंदिल. खवले मांजर मीच होतो. वेणुदत्त मात्र अजून मला भेटलेला नाही. कुठेतरी गोण्या बांधत असेल."

उत्तिय उठला. घोंगडी खांद्यावरून उतरवून त्याने नंदिलाला प्रथमच विचारले, की तुला थंडी वाजते का. नंदिल बराच वेळ गुडघ्यांत डोके घालून बसून राहिला. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "वाजते."

दुसऱ्याच्या भीतीला दान न समजणे, यालाच शास्त्यांनी करुणा म्हटले आहे.