मिणमिणची लुकलुक

एक होता दिवा. लाल लाल, तुरीच्या दाण्याएवढा. नाव मिणमिण. एक पाय लांब, एक पाय आखूड. राहायचा टेबलावरच्या बोर्डावर, चिपबाईंच्या शेजारी. दिवसभर करायचा लुक लुक लुक. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

काल मनवाताईने कॉम्प्युटरवरून चिपबाईंना निरोप धाडला, दिवा बंद. आज पुन्हा वायर जोडली आणि म्हणाली, दिवा चालू. पण निरोप जाईना. गेली ना मिणमिणची लुकलुक! त्याला फार फार वाईट वाटलं.

मारली उडी, टुण्. निघाला. टिक टुक, टिक टुक.

"चिपबाई, चिपबाई, लुकलुक येईना. तुम्ही द्या ना."

चिपबाई काळ्या, चपट्या आणि भारी शिष्ट. म्हणाल्या, "कॉम्प्युटर निरोप देईल, तर मी लुकलुक देईन."

टिक टुक, टिक टुक. कॉम्प्युटर सकाळपासून ओरडत होता, एरर, एरर. का एरर, ते कुणी विचारलंच नव्हतं.

"कॉम्प्युटरराव, कॉम्प्युटरराव, चिप ऐकेना, लुकलुक येईना. तुम्ही निरोप द्या ना."

"ही वायर वीज नेते, निरोप नेत नाही. ताई दुसरी वायर जोडेल, तर मी निरोप देईन."

टिक टुक, टिक टुक. मनवाताई होती इंजिनिअर. म्हणून तिने आधी बोर्डावर फुंकर मारली, फू. मग टपली मारली, टप्. मग सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

"ताई, ताई, कॉम्प्युटर बोलेना, चिप ऐकेना, लुकलुक येईना. तू वायर जोड ना."

"अगंबाई, ही नुसती चार्जिंगची वायर होय? निरोपाची वायर येईल, तर मी जोडेन."

टिक टुक, टिक टुक. निरोपाची वायर होती सोफ्यावर. आणि तिच्यावर होता बोका. बिचारी पार चपटी झाली होती.

"वायरबाई, वायरबाई, ताई जोडेना, कॉम्प्युटर बोलेना, चिप ऐकेना, लुकलुक येईना. तुम्ही चला ना."

"बोका उठेल, तर मी येईन."

बोक्याचं नाव गेंदू. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"बोकोबा, बोकोबा, वायर हलेना, ताई जोडेना, कॉम्प्युटर बोलेना, चिप ऐकेना, लुकलुक येईना. तुम्ही उठा ना."

गेंदूने एक डोळा उघडला. "नाही उठणार."

"का?"

"नाही म्हणजे नाही." डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता काय करायचं? मिणमिणने सरळ भोकाड पसरलं. अगदी गेंदूच्या कानात.

"बोका उठेना, वायर हलेना, ताई जोडेना, कॉम्प्युटर बोलेना, चिप ऐकेना, लुकलुक येईना! अँ अँ अँ!"

"काय कटकट आहे," गेंदू म्हणाला, आणि उठला.

बोका उठला, वायर हलली. वायर हलली, ताईने जोडली. ताईने जोडली, कॉम्प्युटर बोलला. मिणमिण पळत बोर्डावर आला, पाय रोवले, खच्. कॉम्प्युटर बोलला, चिपने ऐकलं. चिपने ऐकलं आणि

लुक!

ताई म्हणाली, मी केलं. कॉम्प्युटर म्हणाला, मी केलं. चिपबाई म्हणाल्या, मीच केलं. वायर म्हणाली, मी. गेंदू म्हणाला, मी उठलो म्हणून.

मिणमिणला बोलायला वेळ कुठे होता?

लुक लुक लुक. लुक लुक लुक.