आटलेला पान्हा

बालाघाटाच्या उतारावर आंबेदरा नावाचे एक लहानसे गाव होते. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचे देऊळ. अंतोबा महाराज फिरत फिरत त्या गावी आले आणि देवळाच्या ओवरीत राहिले. महाराज फार बोलत नसत. आलेल्या माणसाला 'बस' म्हणत, आणि स्वतःही त्याच्याजवळ बसून राहत.

त्या गावात ठकू नावाची बुरुडाची सून होती. नवसासायासाने झालेला तिचा म्हादू अंगावर पीत होता तेव्हाच तापाने गेला. ठकू दुसऱ्या दिवशी कामाला लागली. सुपे, दुरड्या, टोपल्या. दिवस मावळेपर्यंत तिचा हात थांबत नसे. डोळ्यांत टिपूस नव्हते. पण छातीत सारखी धडधड होई, घास गिळवत नसे, आणि बांबू सोलताना हात असे कापत की बोटे रक्ताळून जात.

एकदा ती देवळात फुलांची परडी द्यायला आली आणि ठेवून तशीच निघाली. महाराज म्हणाले, "बस गं, बाळ."

"नको, महाराज. बसलं की जीव घाबरा व्हतो."

"होऊ दे. मी आहे ना इथे."

ठकू कडेला टेकली. महाराजांनी विचारले, "कुठे दुखते?" तिने छातीवर हात ठेवला.

"मग हात तिथेच राहू दे. दुखते त्याला हाकलू नकोस. श्वास सावकाश सोड. रडू आले तर येऊ दे, नाही आले तरी चालेल. महादेवाला काही घाई नाही."

बराच वेळ ती नुसती बसली. मग तिच्या तोंडून "म्हादू" एवढेच निघाले, आणि कोंडलेले सारे रडू बाहेर आले. त्या दिवसापासून ठकू रोज सकाळी येई, थोडा वेळ बसे, रडू आले तर रडे, आणि कामाला जाई. हळूहळू तिचे हात कापायचे थांबले.

गावच्या देशमुखांच्या घरी म्हाळसाबाईंचा कारभार होता. बाई मोठ्या करारी. एकदा अभिषेकाला आल्या असता त्यांनी ठकूला रडताना पाहिले.

"देवाच्या दारात हे काय रडगाणे? आमचे मालक गेले, त्या दिवशीसुद्धा मी गड्यांच्या भाकरी थापल्या. डोळ्याला पदर लावला नाही. आणि महाराज, लोक तुमच्याकडे नाम घ्यायला येतात. तुम्ही रडायला शिकवता?"

ठकू मान खाली घालून उठू लागली. महाराजांनी तिला खुणेनेच बसवले आणि म्हाळसाबाईंकडे पाहून म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही फार दमला असाल."

म्हाळसाबाईंना ते शब्द झोंबले. त्या तणतणत निघून गेल्या.

पुढे त्यांची एकुलती एक लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगी झाली, आणि सकाळ उजाडण्याच्या सुमारास सुभद्रेने डोळे मिटले. अरेरे! घरात आकांत झाला. म्हाळसाबाई मात्र ताठ उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. सरण रचा, जावयांना निरोप धाडा, अंगण झाडा. पोर शेळीचे दूध घेईना. बोळा तोंडाला लावला की मान फिरवी. गावात दुसरी ओली बाळंतीण नव्हती. पोरीचा आवाज बारीक होत चालला, तेव्हा सुईण म्हणाली, "आता महादेवच राखील."

म्हाळसाबाई पोरीला पदराखाली घेऊन अनवाणी देवळाकडे धावल्या. ओवरीत महाराज होते आणि जवळ ठकू.

"महाराज, हिला वाचवा!"

महाराजांनी ठकूकडे पाहिले. "घेशील?"

ठकूचा चेहरा पांढरा पडला. "महाराज, म्हादूला जाऊन लई दिस झालं. माझं दूध आटलंय हो!"

"ठाऊक आहे. तरी घे."

तिने पोरीला छातीशी धरले. त्या कोवळ्या वासासरशी पोरीला ठेवून पळून जावे असे तिला झाले.

"रोज बसतेस तशीच बस," महाराज म्हणाले.

ठकूने पाठ खांबाला टेकली, श्वास सोडला. आसवे गालांवरून ओघळू लागली. तिने ती पुसली नाहीत. पोरीने तोंड लावले, चुटूचुटू ओढले, आणि काही मिळेना म्हणून केविलवाणी कण्हली.

"येत नाही! काही येत नाही!" म्हाळसाबाई ओरडल्या. "दे तिला इकडे, मी दुसरीकडे—"

"बाईसाहेब," महाराज म्हणाले, "तुमची सुभद्रा गेली हो."

सकाळपासून त्यांना हे कोणी म्हटले नव्हते.

"मला वेळ नाही, महाराज. लाकडे यायची आहेत, जावई..." त्या ठकूच्या शेजारी मटकन खाली बसल्या आणि हंबरडा फोडला. "सुभे! माझ्या सुभे!" वर्षानुवर्षे आत दाबलेले सारे त्या एका हाकेत आले. ठकूने एका हाताने पोर सांभाळली, दुसरा हात म्हाळसाबाईंच्या पाठीवर ठेवला. "रडा, बाईसाहेब. मी हाय हितं."

महाराजांनी डोळे मिटले होते. त्यांच्याही गालावर पाणी होते.

तोच ठकू दचकली. पोरीच्या घशातून घुटकन आवाज आला. पुन्हा एक घोट, पुन्हा एक. ओठांच्या कडेने दुधाची धार उतरत होती. काय ही महादेवाची करुणा! आटलेल्या छातीला पान्हा फुटला होता!

म्हाळसाबाईंनी महाराजांचे पाय धरले. "मी हिच्या रडण्याला नावे ठेवली होती, महाराज. मला क्षमा करा."

महाराजांनी पाय मागे घेतले. "जिला नावे ठेवलीत, ती इथे आहे."

म्हाळसाबाई वळल्या आणि त्यांनी ठकूच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. "असं नका करू, बाईसाहेब," ठकू म्हणत राहिली. पण मांडीवर पोर पीत होती, तिला पाय हलवता येईनात.

पोर जगली. सुभद्रा काही परत आली नाही. म्हाळसाबाई महाराजांबरोबर घरी आल्या, तेव्हा तिरडी बांधून तयार होती. त्या लेकीच्या उशाशी बसल्या, तिचे डोके मांडीवर घेतले आणि केसांवरून हात फिरवत मोठ्याने रडू लागल्या. अंगणात खोळंबलेली माणसे महाराजांकडे बघू लागली. महाराज उंबऱ्याशी बसले. मग सगळेच खाली बसले.