न लावलेलं तेल

झिपरूने जावईबापूंच्या सातही गड्यांना एकाच चढाईत शिवलं आणि दम न सोडता परत आला, म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. माणसाच्या जातीला हे जमायचं नाही, तेव्हा यानं अंगाला तेल चोपडलं असणार, असं जावईबापू म्हणाले. चिंचनगरीच्या हुतूतूत तेलाला सक्त मनाई. आणि चंडविक्रम महाराजांचे एकुलते एक जावई म्हणाले म्हणजे संपलंच की हो!

मुख्य पंच डबीरशास्त्री यांनी तीन दिवस कसून चौकशी केली आणि भर दरबारात निकाल वाचला. झिपरूची बायको सगुणा खांबाला टेकून ऐकत होती.

"आरोपीची बायको तेलाचा घाणा चालवते, हा पहिला पुरावा. खेळताना आरोपीच्या खांद्यावर माशी बसली ती घसरली, हे जावईबापूंनी स्वतः पाहिलं, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे, सामना संपताच आरोपीने अंघोळ केली." शास्त्रीबुवांनी बोट उंचावलं. "म्हणजे पुरावा नष्ट केला. निर्दोष माणूस घामेजलेलाच राहिला असता."

वा वा, काय ती अक्कल! साऱ्या दरबाराने माना डोलावल्या. शिक्षा ठरली, बारा वर्षं मैदानबंदी.

सगुणाने बोटांवर हिशेब केला. झिपरू आज चोवीस वर्षांचा. छत्तिसाव्या वर्षी तो काय चढाई करणार, गुडघे चोळत बसणार! बरं, हुतूतूखेरीज त्याला दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. एकदा घाण्यावर बसवला होता, तर पेंड बैलाच्या आधी यानंच खाल्ली होती. ती तडक पुढे झाली.

"महाराज, आमच्या धन्यानं तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही."

"असं?" महाराजांनी मिशीला पीळ दिला. जावयाच्या बाबतीत ते भलतेच हट्टी. "मग जे तेल त्यानं लावलं नाही, ते उद्या सकाळी आणून दाखव. दाखवलंस तर तो अंतिम सामना खेळेल. नाहीतर मैदानबंदी कायम, वर तुझा घाणाही जप्त."

दरबार खो खो हसला. घरी येताच झिपरूने डोक्याला हात लावला.

"न लावलेलं तेल दाखवायचं कुठून गं? चल, गाव सोडून जाऊ."

"जाऊ कुठे? तुम्ही गप जोर-बैठका काढा," सगुणा म्हणाली. "उद्या सामना आहे."

दुसऱ्या दिवशी ती करडईच्या तेलाने गच्च भरलेला बुधला डोक्यावर घेऊन दरबारात आली आणि तो महाराजांपुढे ठेवला.

"घ्या सरकार. हेच ते न लावलेलं तेल. लावलं असतं तर बुधला असा काठोकाठ राहिला असता का?"

महाराजांनी बुधल्यात वाकून पाहिलं. मग सगुणाकडे पाहिलं. पुन्हा बुधल्यात पाहिलं.

"पण हे तेच तेल, कशावरून?"

"पुरावा पक्का आहे. एक तर तेल घाण्याच्या घरचं. वाटेत बुधल्यावर माशी बसली ती घसरली, मी स्वतः पाहिली. आणि निघताना बुधला बाहेरून लख्ख धुतला."

"अगं बाई, हा काय पुरावा झाला?" डबीरशास्त्री उसळले. "घाणा, माशी आणि धुणं! एवढ्यावर एक बुधला तेल सिद्ध होत नाही!"

"नाही ना होत?" सगुणा म्हणाली. "मग एवढ्यावरच माझ्या नवऱ्याची बारा वर्षं कशी गेली, शास्त्रीबुवा?"

जावईबापू छताकडे बघू लागले. महाराजांचं पोट आधी नुसतं हललं, मग गदगदलं, आणि मग ते असे हसत सुटले की पगडी थेट तेलात पडली.

"झिपरू आज खेळेल," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि सगुणाबाई, तुला मानाचं लुगडं, शिवाय पंचांच्या शेजारी कायमचं आसन. काम एकच. शास्त्रीबुवांनी निकाल दिला, की 'कशावरून' म्हणायचं."

"महाराज, हा माझा अपमान आहे!" शास्त्रीबुवा ओरडले.

"कशावरून?" सगुणाने विचारलं.