धूर नसलेले राज्य

त्या राज्यात धूर नव्हता. तळ्याकाठच्या नगरीत राहणाऱ्या बगळ्यांना या गोष्टीचा फार अभिमान होता. उडण्याचा कंटाळा करू लागल्याला त्यांच्या कैक पिढ्या लोटल्या होत्या. दोरांवरून सरकणाऱ्या पाळण्यांत बसून ते इकडून तिकडे जात. पूर्वी हे पाळणे ओढायला लाकडे जाळावी लागत आणि काजळी थेट पिसांवर येऊन बसे. मग कुणाला तरी तेजखडा सापडला. मुठीएवढा खडा पाळण्याच्या बुडाशी बसवायचा, त्याला ऊन दाखवायचे, की पाळणा आपला सुळसुळ चालू लागे. धूर नाही, खडखडाट नाही. बगळ्यांची पिसे पुन्हा पांढरीशुभ्र झाली, आणि आपल्याइतके स्वच्छ कुणी नाही असे ते एकमेकांना रोज सांगू लागले.

तेजखडा येई तो तीन दिवसांच्या वाटेवरच्या एका डोंगरातून. त्या डोंगरात खवल्या मांजरे राहत. त्यांच्यातली खवली नावाची एक बाई नाकाची मोठी तिखट होती. तेजखड्याला कोवळ्या चिंचेसारखा आंबटसर वास असतो. तो खवलीला वीस हात मातीखालूनही येई. ती जमिनीला नाक लावायची, शेपटी हलवायची आणि म्हणायची, "इथं!" मग तिथेच खणायचे. ती कधी चुकली नाही. खणायला तिला मनापासून आवडे. कामावर जाताना ती काहीतरी गुणगुणत असायची, आणि बोगद्यातून तिचा आवाज आला की बाकीच्यांचेही पंजे भराभर चालत.

पण डोंगराचे शेंडे आता खाली बसले होते. जिथे शिखर होते तिथे भलामोठा खड्डा झाला होता. खवलीचा नवरा दगडूबा वर्षानुवर्षे खड्यांची धूळ छातीत घेऊन आता चार पावले चालला तरी धापा टाकी. तिची धाकटी बहीण चिकणी गेल्या साली बोगद्यात गेली आणि वरची माती खाली आली. नगरीतून तिच्यासाठी पांढऱ्या फुलांची माळ आली होती. माळ सुंदर होती. ती कुठे ठेवायची हे कुणालाच कळेना.

आणि पाणी. एक खडा धुवायला चाळीस भोपळे पाणी लागे. डोंगराच्या कुशीत झऱ्याची चार कुंडे होती. त्यांतली तीन धुता धुता दुधासारखी पांढरट झाली, आणि तिथल्या बेडकांची अंडी फुटेनाशी झाली. जे उरले ते सगळे चौथ्या कुंडात दाटीवाटीने राहत. त्यांची वडीलधारी होती ओलावंती मावशी. तिचा आवाज असा, की तिने सकाळी एकदा डराव म्हटले की अख्खा डोंगर जागा होई.

एके दिवशी नगरीतून निरोप्या आला. बगळ्यांचे मुख्य धवलपंत खवलीचा जाहीर गौरव करणार होते. निरोप्याने घसा साफ करून पुढचेही सांगितले. वरचे खडे संपत आले होते. जाणकारांच्या मते आता मोठा साठा उरला होता तो चौथ्या कुंडाच्या तळाखाली. समारंभातच खवलीने ओल्या मातीच्या पाटीवर पंजा उमटवून खणायला होकार द्यावा, एवढीच पंतांची अपेक्षा होती.

हे सगळे कुंडाच्या काठावर चालले होते, त्यामुळे ते मावशीने ऐकले.

"मीही येणार," ती म्हणाली.

"मावशी, तीन दिवसांची वाट. उन्हात तुझं कातडं वाळेल."

"घर माझं आणि पंजा तुझा? भोपळा आण. पाण्यानं भर. मी आत बसते."

दगडूबाने धापा टाकत भोपळा खवलीच्या पाठीवर बांधून दिला. वाटेत भोपळ्यातून सारख्या सूचना येत होत्या. "हळू चाल, पाणी डुचमळतंय." "काय गं, कुठे पोचलो?" "गाणं म्हण की एखादं!" खवलीने गाणे म्हटले. मग मावशीने तोच ताल धरून आतून डराव डराव सुरू केले. रस्त्याने जाणारे ससे, तितर थांबून बघत राहिले. एक भोपळा गातो आहे, ही बातमी त्यांच्या आधी नगरीत पोचली.

नगरी खरोखरच देखणी होती. चुन्यासारख्या पांढऱ्या फरशा, पांढरे दोर, पांढरे पाळणे. खवली चालू लागली तशी तिच्या पावलांचे मातकट ठसे उमटू लागले. लगेच दोन बगळे झाडू घेऊन मागे लागले. ती थांबली की तेही थांबत आणि आकाशाकडे बघत. खवलीला हसू आवरेना. एकदा तिने मुद्दाम गिरकी घेतली, तेव्हा ते दोघेही झाडूसकट गोल फिरले.

मेजवानीत तिच्यासाठी खास मुंग्या मागवल्या होत्या. प्रत्येक पांढऱ्या ताटात मधोमध एक मुंगी, तिच्या शेजारी एक पाकळी. खवलीने जीभ लांब करून एका फटक्यात बारा ताटे साफ केली आणि विचारले, "जेवण कधी आहे?" पंतांच्या पत्नी कर्पूराबाई यांना ठसका लागला. त्या हसत होत्या, पण तसे दिसू नये म्हणून त्यांनी पंख चोचीपुढे धरला होता.

मग पंतांनी भाषण केले. स्वच्छ आकाशाबद्दल बोलले, येणाऱ्या पिढ्यांबद्दल बोलले. "खवलाबाईंसारख्या कष्टाळू..." असे म्हणाले तेव्हा भोपळ्यातून मोठ्याने "खवली!" असा आवाज आला आणि पंत दचकले. शेवटी ओली मातीची पाटी पुढे आली.

खवलीने पंजा उचलला. तो तसाच हवेत राहिला.

"माझी बहीण होती, चिकणी," ती म्हणाली. "तिचं नाव या भाषणात कुठे आहे?"

पंतांनी कागद उलटसुलट करून पाहिला. कर्पूराबाईंनी चोचीपुढचा पंख खाली घेतला.

आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. खवलीचे नाक हलले. आंबटसर वास. कोवळी चिंच. थोडाथोडका नव्हे, असा वास तिला आपल्या डोंगरातही कधी आला नव्हता. ती पाटी सोडून वासाच्या मागे निघाली.

सभामंडपाच्या पाठीमागे बोरूच्या काड्यांचा प्रचंड पडदा होता. त्यावर सूर्योदय रंगवला होता. "तिकडे काही नाही!" पंत म्हणाले. "तिकडे आम्ही बघत नाही." पण खवली नाकाच्या हुकमात होती. ती पडद्याखालून घुसली, तिची शेपटी काड्यांत अडकली, तिने ओढली, आणि सगळा सूर्योदय कडाकड मोडून खाली आला.

मागे एक टेकाड होते. टेकाड कसले, डोंगरच. वर्षानुवर्षांचे विझलेले तेजखडे तिथे टाकलेले होते. खडा मंदावला की बगळे तो पडद्याआड भिरकावत आणि नवा मागवत. आत्ता भर सभेत सगळ्यांनी तो ढीग पहिल्यांदाच पाहिला, आणि आपण आजवर किती फेकले हे ज्याला त्याला एकदम आठवले.

"अगं, काय आहे? मला दाखव की!" मावशी भोपळ्यातून ओरडली.

खवली उत्तर द्यायला भानावर नव्हती. तिच्या आनंदाला पारावार उरला नव्हता. ती ढिगावर चढली, घसरली, पुन्हा चढली. एक करडा खडा तिने पंजात धरला. त्यावर जाड पुट चढले होते. तिने नखाने ते खरवडले, खडा दगडावर आपटून फोडला, आतला गाभा उन्हात धरला. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग गाभ्यात एक बारीक निळी रेघ लुकलुकली.

"मेला नव्हता!" खवली ओरडली. "झोपला होता!"

तो गाभा तिने जवळच्या पाळण्याच्या बुडाशी खुपसला. पाळण्याने एक गचका खाल्ला, आणि आत बसलेल्या दोन झाडूवाल्यांना घेऊन तो दोरावरून निघाला. ते दोघे घाबरून एकमेकांना धरून बसले. सगळी सभा खदखदून हसली.

तिने दुसरा फोडला. तो मेलेलाच निघाला. तिसराही. चौथा जागा झाला. तिनात एखादा, असा तिने अंदाज बांधला. तेवढे पुरे होते.

"पण हे करणार कोण?" पंतांनी विचारले. "ही धूळ... आमची पिसे..."

"आमची छाती आहे ना," खवली म्हणाली. ती रागावून बोलली नव्हती, पण पंतांना तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात कर्पूराबाई उठल्या. त्यांनी फरशीच्या काठावरून एक लांब पाय ढिगाच्या तळच्या चिखलात घातला. मग दुसरा. गुडघ्यापर्यंत आत जाऊन त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेले.

"अहो," त्या पंतांना म्हणाल्या, "हे पाय याच्यासाठीच लांब आहेत!"

आणि त्यांनी चोच चिखलात खुपसली. बगळ्याची चोच ती, चिमट्यासारखी. एका दमात त्यांनी तीन खडे वर काढले. बघता बघता अर्धी सभा ढिगात उतरली. कुणी घसरले, कुणी लोळले, चिखल उडाला, आरडाओरडा झाला. खवली ढिगाच्या टोकावरून शिकवत होती. "वाऱ्याकडे पाठ करा! चोचीवर ओली पानं बांधा! माझ्या नवऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही ऐका!" मावशीचा भोपळा कुणीतरी उंच खांबावर टांगला होता. तिथून ती ताल देत होती, आणि त्या तालावर चोची खाली-वर होत होत्या.

पंत सगळ्यांत शेवटी उतरले. ते उतरले तेव्हा टाळ्या वाजवायला कुणाचाच पंख मोकळा नव्हता. पाटीवरची ओली माती उन्हात वाळून गेली. पंजा तिच्यावर उमटला नाही.

डोंगरातले खणणे त्यानंतरही थांबले नाही. ढीग सगळ्यांना पुरणार नव्हता. पण ते खूप कमी झाले, बोगद्यांना लाकडाचे टेकू लागले, आणि चौथ्या कुंडाला कुणी हात लावला नाही. दोन पावसाळ्यांनी तिसऱ्या कुंडाचा तळ अंधूक दिसू लागला. मावशीची नातवंडे तिथे राहायला गेली. दगडूबाची छाती बरी झाली नाही. तो काठावर बसून पिलांना पोहण्याच्या शर्यती लावून देई आणि धापा टाकत हसे.

त्याच सुमारास कर्पूराबाई डोंगर बघायला आल्या. पाळण्यातून नाही, त्या पायी आल्या. त्यांची पिसे आता राखाडी पडली होती, ती त्या फारशी धुतही नसत. तिसऱ्या कुंडात त्या पाय टाकणार, तोच मावशी समोर आली.

"भूक लागली असेल तर आत्ताच सांगा. पोरंबाळं आहेत इथं."

"मी मासे खाऊन आलेय," कर्पूराबाई घाईघाईने म्हणाल्या, आणि दोघीही खूप हसल्या.

मग त्या एकट्याच चढून खड्ड्याच्या कडेला गेल्या. तिथून त्यांना पलीकडे, खूप दूर, आपली नगरी पहिल्यांदाच बाहेरून दिसली. पांढरा ठिपका, आणि त्याच्या पाठीशी करडा ढीग. ढिगाचा एक खांदा उंच होता, एक उतरता, मधे खाच. कर्पूराबाईंनी एक डोळा मिटला, पंख पसरला आणि पिसांच्या टोकांवर त्या ढिगाची कड मापून घेतली. पंख तसाच धरून त्या वळल्या. पायांखालच्या खड्ड्यावर त्यांनी तो उलटा धरला.

उंच खांद्याशी खोल खांदा आला. उतरत्याशी उतरता. खाचेत खाच बसली. इथून गेलेला डोंगरच तिकडे साचला होता.

"कर्पूराबाई, खाली या!" खवली हाका मारत होती. "मुंग्या वाढल्यात, चांगल्या ढीगभर!"

त्यांनी ऐकले, त्या हसल्याही. पण पंख अजून तसाच धरलेला होता.