डबा बोलेल तेवढंच बिल

ऑनलाइन पैसे आले की दुकानातला डबा रक्कम ओरडून सांगायचा आणि दुकान चालवणारी रुकय्या दरवेळी दचकायची. रमजानात अनाथाश्रमाचे अध्यक्ष रुबाबात आश्रमासाठी खजूर घ्यायला आले. कानाशी पुटपुटले, "वीस हजारांचा माल दे, बिल तीसचं लिही. नाहीतर दुकानं पुष्कळ आहेत!"

नाही म्हटलं तर वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर हातची जाणार होती. पण खोटं बिल म्हणजे हराम कमाई, हे अब्बांनी शिकवलेलं.

"लिहिते, चाचा. पण हा डबा बोलेल तेवढंच."

"मग बंद कर त्याला!"

"करते की. मग आकडा तुम्हीच मोठ्यानं सांगा. गिऱ्हाइकं ऐकताहेत."

रांगेतल्या माना वळल्या. अध्यक्षांनी मोबाइल काढला.

"वीस हजार रुपये मिळाले!" डबा ओरडला. रुकय्या दचकलीच. मग वीसचंच बिल फाडून, डब्यावरची धूळ ओढणीनं पुसत म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह!"