तिरडी अडली ती दुपार

फार वर्षांपूर्वी पिंपळखिंडीच्या तालमीत भिवातात्या नावाचा म्हातारा होता. कुस्ती त्याला उभ्या जन्मात जमली नाही, पण तालमीचा उंबरा त्यानं कधी सोडला नाही. आत कुणी नाल, म्हणजे मूठ कोरलेला दोन मणांचा दगड, उचलू लागला की तात्या बाहेरून विचारायचा, "हाय न्हवं?" उचलणाऱ्यानं "हाय" म्हणायचं. ओ आली नाही, की तात्या धावत आत. दाराला आतून कडी लावायची कुणाला मुभा नव्हती. तात्याचा सख्खा भाऊ बंद दाराआडच नालाखाली गेला होता, असं म्हणतात.

एके सकाळी तात्या गेला. सारं गाव मातीला निघालं, फक्त ज्योत्या पैलवान मागं राहिला. दुसऱ्या दिवशी जत्रेतली मानाची कुस्ती त्याची होती आणि खांदा देणाऱ्याला तीन दिवस तालमीच्या मातीत पाय ठेवता येत नसे. त्याला स्वतःची लाज वाटत होती. कुणी बघू नये म्हणून त्यानं आतून कडी घातली आणि नालाला हात घातला.

हात घामेजलेले होते. नाल निसटला, ज्योत्या उताणा पडला आणि नाल छातीवर बसला. ओरडायला श्वासच उरला नाही. भर दुपारी तालमीत अंधारून आलं, आणि उंबऱ्यापलीकडून आवाज आला, "हाय न्हवं?"

ज्योत्यानं आवाज ओळखला. तात्याचे मिटलेले डोळे त्यानं सकाळीच पाहिले होते.

आवाज पुन्हा आला, आता दाराच्या आतून. तिसऱ्यांदा आला तो कानाशी. गार बोटं त्याच्या मानेखाली शिरली. "बोलू नगंस. बारीक बारीक श्वास घे. येत्यात."

तिकडं ओढ्याच्या वाटेवर तिरडी जड झाली, असं म्हणतात. चौघांचे आठ झाले तरी पाऊल पुढं पडेना. शेवटी तात्याचा मेहुणा गोंदबा दबकत म्हणाला, "तालमीत कोण ऱ्हायलंय?" तशी माणसं तिरडी खाली ठेवून पळाली. त्यांनी दार फोडलं, नाल बाजूला केला. ज्योत्या जिवंत होता. त्याच्या मानेखाली तिरडीवरचा ओला गुलाल लागला होता.

ज्योत्या जत्रेत लढला नाही. दुखरी छाती बांधून तो ओढ्याच्या वाटेवर गेला आणि रडत रडत त्यानं खांदा दिला. तेव्हा कुठं तिरडी हलली.

आता तिथं यंत्रांची व्यायामशाळा आहे. तिच्या दाराला आतून कडी नाही आणि वजन उचलणाऱ्यापाशी दुसरं माणूस असतंच. गावात कुणी गेलं, तर आधी दोघं जण तिथं जातात, कोपरान् कोपरा बघतात आणि येऊन सांगतात, "आत कुणी न्हाई." मगच तिरडीला खांदा लागतो.