उद्या रुजू होणारा माणूस

"माणूस हवा, आणि सोमवारी सकाळी तो त्या खुर्चीत बसलेला हवा!" मालशेसाहेबांनी टेबलावर हात आपटला.

मालशेसाहेब म्हणजे बाणेरमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक. मी टिळेकर, त्यांचा एचआर मॅनेजर. मंदी आली तेव्हा माणसं काढायचं काम माझ्याकडे होतं. मंदी सरली, तेव्हा माणसं आणायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मंदीत माझी नोकरी टिकली ती काही हुशारीमुळे नाही. सगळ्यांना काढून झाल्यावर मला काढायला कोणी उरलंच नव्हतं!

आता जर्मनीचं जुनं गिऱ्हाईक परत आलं होतं. त्यांची सिस्टिम आम्हीच बनवलेली, पण ती कुठे अडते आणि कशी सुटते हे जाणणारा एकही माणूस ऑफिसात शिल्लक नव्हता.

"अटी ऐका," साहेब म्हणाले. "सोमवारी रुजू व्हायला हवा. आधीची नोकरी नोटीस न देता सोडणारा नको. आज त्यांना टांग देतो, उद्या आपल्याला देईल. आणि घरी बसलेलाही नको. ज्याला कंपनीने काढलं, त्याच्यात काहीतरी खोट असणारच!"

"पण साहेब, नोकरीतल्या माणसाला नव्वद दिवसांची नोटीस असते," मी चाचरत म्हणालो. "ती देऊन तो सोमवारी कसा येईल?"

"ते तुमचं काम. नाही जमलं, तर मंगळवारपासून तुमच्या जागेसाठीही माणूस शोधा!"

झालं! मी फोनला चिकटलो. वर्षापूर्वी हीच पुण्यातली पोरं मला "सर, काहीही काम द्या" म्हणत होती. आता वारं फिरलं होतं. एकाने फोनवर माझीच तासभर मुलाखत घेतली आणि शेवटी "कळवतो" म्हणाला. त्याचा फोन चुकू नये म्हणून मी मोबाइल घेऊन आंघोळीला गेलो. त्याने अजून कळवलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी हताश होऊन पोळी-भाजी केंद्रावर गेलो, तर गल्ल्यावर कावेरी ढोमसे! लासलगावच्या शेतकऱ्याची मुलगी, जर्मनांच्या सिस्टिमवर सहा वर्षं काम केलेली, आणि मीच घरी पाठवलेली. तिला बघून पळून जावंसं वाटलं, पण भूक लागली होती.

"काय झालं टिळेकर सर? चेहरा का उतरलाय?"

मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. ही नोकरी गेली तर या वयात मला कोण घेणार, हेही तिलाच विचारलं.

कावेरी हसली. "साहेबांना सांगा, माणूस मिळाला. सोमवारी मीच येते."

सोमवारी तिला बघताच साहेब ओरडले, "ही? हिला तर आपणच काढलं होतं!"

"म्हणजे माझ्यात खोट आहे, सर?"

"असणारच!"

"मग निरोप देताना सगळ्यांसमोर म्हणालात, 'तुमच्यात काहीच कमी नाही, दोष मंदीचा आहे.' खोटं तेव्हा बोललात, की आत्ता बोलताय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. ते भाषण मीच लिहून दिलं होतं, आणि मला ते फार आवडलंही होतं.

"बरं, खोट नाही. पण घरी बसलेली माणसं मला..."

"बसलेय कुठे? सासूबाईंच्या पोळी-भाजी केंद्रात नोकरी करते. उलट दिवसभर उभी असते!"

"म्हणजे ती नोकरी नोटीस न देता सोडलीस!" साहेबांना आनंद झाला.

"सोडली नाही सर, अजून तिथेच आहे. नोटीस नव्वद दिवसांचीच आहे, पण सासूबाई ती माफ करायला तयार आहेत."

"अस्सं! मग पगार नव्या पोरांचा मिळेल. मंदी आत्ता कुठे सरलीय."

"चालेल. पण नव्या पोरांना जर्मनांची सिस्टिम येत नाही. त्या पगारात मलाही येणार नाही!"

साहेबांनी हसू दाबलं. "बरं बाई, जुना पगार, वर वाढ. आता बस त्या खुर्चीत! अकराला जर्मनीचा फोन येतोय."

कावेरी उभीच राहिली.

"सासूबाईंची एक अट आहे, सर. आमच्या केंद्रात नोटीस दोन्ही बाजूंनी असते. मी सोडणार असेन तर मी नव्वद दिवस आधी सांगायचं, त्या काढणार असतील तर त्यांनी. त्या म्हणाल्या, 'नव्या मालकाकडे हाच नियम असेल तर आजच जा. नसेल, तर तसल्या माणसाकडे जायची घाई कशाला? नव्वद दिवस पोळ्या लाट!'"

"अगं, आपल्याकडे नोटीस आहेच की!"

"आम्हाला आहे, तुम्हाला नाही. मला चार वाजता सांगितलंत आणि साडेचारला लॅपटॉप काढून घेतलात. फार वाईट वाटलं होतं, सर. तेव्हा सांगा, मी आत्ता बसू, की नव्वद दिवसांनी?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच मिनिटं होती. ते एकदम खो खो हसत सुटले.

"माझ्याच अटींत मला बांधलंस! टिळेकर, लिहा. नव्वद दिवस, दोन्ही बाजूंनी, ऑफिसातल्या प्रत्येकाला! आणि आजपासून जर्मन कामाची प्रमुख ही. जुन्यांपैकी कोणाला परत बोलवायचं, ते हीच ठरवेल."

"प्रत्येकाला म्हणजे... मलाही?" मी विचारलं.

"तुम्हालाही! आता तुम्हाला काढायचं म्हटलं तरी तीन महिने वाट बघावी लागणार!" साहेब डोळे पुसत म्हणाले.

संध्याकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन केंद्रावर गेलो आणि गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर सासूबाईंच्या पाया पडलो.

"उठा, उठा," त्या म्हणाल्या, "पोळ्या किती देऊ?"